गाडी जुनी, रंग मात्र आपला

जुनी गाडी बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर चालली आहे? कितवा मालक? विमा कधीपर्यंत? कुठे ठोकली आहे का? टायर किती उरलेत? या यादीत एक प्रश्न सहसा नसतोच, आणि कुणी विचारलाच तर बाकीचे हसतात. गाडी आतून कुठल्या रंगाची आहे?

नवी गाडी घेताना शोरूममध्ये निदान दोन-चार रंग समोर ठेवतात. जुन्या बाजारात तसं नसतं. इंजिन चांगलं, कागद स्वच्छ, भाव परवडणारा, असं सगळं जुळून आलं की आतला रंग जो असेल तो पदरात पडतो. मग पुढची सात-आठ वर्षं आपण रोज त्याच रंगात बसतो. बाहेरचा रंग तर गाडीत बसल्यावर दिसतही नाही.

आमच्या झाशीत हा विषय जरा जास्तच निघतो. दिल्ली इथून साधारण चारशे किलोमीटर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली आणि एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून दिल्लीत वय संपत आलेल्या पण तब्येतीने धडधाकट गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊ लागल्या. झाशी एनसीआरमध्ये येत नाही, त्यामुळे त्यांतल्या काही इकडेही येतात. नंबर बदलून यूपी ९३ होतो. आतला रंग मात्र दिल्लीच्या मालकाने निवडलेलाच राहतो.

आमच्या घरीही मागच्या हिवाळ्यात अशीच एक गाडी आली. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, फंडातले थोडे पैसे बाजूला काढले आणि २०१४ ची डिझेल डिझायर घेतली. इंजिन एकदम छान. आतून मात्र बेज, म्हणजे आपला फिकट बदामी रंग, आणि तोही दहा वर्षं वापरलेला. ड्रायव्हरच्या सीटचा कडेचा भाग काळवंडलेला, छताला पिवळट झाक, दारांवर हातांचे डाग. आई पहिल्या दिवशी बसली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून बसल्यासारखं वाटतंय."

बाबा म्हणाले, "गाडी चालवायची आहे की साडी नेसायची आहे?"

आई शांतपणे म्हणाली, "अहो, साडी निदान माझी मी निवडते."

त्यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. मॉडेल बाबांनी ठरवलं होतं, मायलेज काकांनी विचारलं होतं, कागद भावाने तपासले होते. आईचा संबंध आला तो थेट नारळ फोडताना. म्हणून आतला रंग बदलता येतो का, कितपत येतो आणि कुठे थांबावं, याची मी नीट चौकशी केली. ती या वेळच्या सदरात तुमच्यासाठी.

आधी रंगामागचं कारण

आपल्याकडच्या सेडान गाड्यांमध्ये बरीच वर्षं बेज रंग का दिला गेला? फिकट रंगात जागा मोठी वाटते, छत उंच वाटतं आणि गाडी महागडी दिसते. मारुतीचंच बघा. २०१२ ची डिझायर आणि त्या काळातली स्विफ्ट या बहिणी-बहिणी, डॅशबोर्डची घडणही सारखी. पण स्विफ्ट आतून काळी आणि डिझायर बेज-काळी. तरुणांची गाडी काळी आणि कुटुंबाची गाडी बेज, असा तो साधा हिशेब.

बेज गाडीतही डॅशबोर्डचा वरचा भाग बहुतेक वेळा काळा किंवा गडद असतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला कारण आहे. वरचा भाग फिकट असेल तर दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि चालवणाऱ्याला रस्ता धूसर दिसतो. म्हणून हौसेने अख्खा डॅशबोर्ड पांढरा किंवा क्रीम करून घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या.

काळ्याचीही दुसरी बाजू आहे. काळा रंग डाग लपवतो, पण ऊन पितो. मे-जूनमध्ये झाशीचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या रेक्झिनवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. थोडक्यात, फिकट रंग मळतो आणि गडद रंग तापतो. तुमच्या घरी त्रास कशाचा जास्त, यावर निवड ठरते.

आधी धुवा, मग ठरवा

रंग बदलायला निघालेल्या दहा जणांतल्या निम्म्यांना खरं तर रंग नको नसतो, मळ नको असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे आतून पूर्ण सफाई. सीट काढून खालचा गालिचा धुणं, कापडात साबणाचं पाणी मारून मशीनने ओढून घेणं, छत हलक्या हाताने पुसणं. छताचं कापड मागच्या पातळ फोमला चिकटवलेलं असतं. ते जास्त भिजलं तर लोंबायला लागतं, म्हणून तिथे पाणी अगदी बेताचं.

आमची गाडी सफाईहून आली तेव्हा आई दार उघडून दोन मिनिटं बघतच राहिली. छत मोत्यासारखं निघालं होतं. काम करणारा मुलगा हसून म्हणाला, "आंटीजी, असली रंग तो यही था." छताचा खर्च तिथेच वाचला. सीटचं मात्र तसं झालं नाही. कापड दोन ठिकाणी फाटलं होतं आणि ड्रायव्हरच्या बाजूचा फोम दबला होता.

बदलाचे चार रस्ते

पहिला रस्ता सीट कव्हरचा. सर्वांत सोपा आणि परत काढता येणारा. भाड्याच्या घराला पडदे बदलावेत तसा. कव्हर सैल असेल तर बसता-उठता सरकतं, म्हणून त्याच मॉडेलच्या मापाचं घ्या. इथे एक गोष्ट जरूर तपासा. अनेक गाड्यांमध्ये पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत साइड एअरबॅग असते. तिथे 'एअरबॅग' असं लिहिलेली छोटी पट्टी दिसते. साध्या कव्हरने ती जागा शिवून बंद केली तर अपघातात एअरबॅगला वेळेवर बाहेर यायला वाट मिळत नाही. अशा सीटसाठी त्या बाजूला उसवणारी शिलाई असलेलं कव्हर मिळतं, तेच घ्या. २०२४ ची नवी डिझायर सर्व प्रकारांत सहा एअरबॅगसह आली. म्हणजे येत्या काही वर्षांत जुन्या बाजारातही अशाच गाड्या जास्त दिसतील. घरात लहान मूल असेल तर मागच्या सीटवर बाळाची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्सचे हूक कव्हरखाली दडत नाहीत ना, हेही बघा.

दुसरा रस्ता कुशन कामाचा. सीटचं जुनं कापड उतरवून, फोम दुरुस्त करून नवं कापड किंवा रेक्झिन शिवायचं. जुनी सीट नवी वाटण्यासाठी यासारखा उपाय नाही. मात्र कापड निवडताना नुसता रंग बघू नका. गाडीतलं कापड, फोम, रेक्झिन सहज पेटू नये यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५०६१. घराच्या सोफ्याचं उरलेलं स्वस्त रेक्झिन गाडीत वापरणं त्यामुळे बरं नाही. गाडीसाठीच बनवलेलं कापड मागा.

रेक्झिन की कापड, हा वादही घरोघरी होतो. गंमत म्हणजे मोटारीच्या सुरुवातीच्या काळात कातडं नोकराच्या वाट्याचं होतं. पुढे उघड्यावर बसणाऱ्या ड्रायव्हरची सीट पावसात टिकावी म्हणून कातड्याची, आणि मागे बंद भागात बसणाऱ्या मालकांसाठी मऊ कापड. आज मात्र कातड्याच्या नावाखाली रेक्झिन विकलं जातं आणि आपण त्याला श्रीमंती समजतो. गरम प्रदेशात, घरात वयस्कर माणसं असताना, कापड जास्त आरामाचं असतं. घाम शोषला जातो आणि उतरताना पाय चिकटत नाहीत. लहान मुलं सांडासांड करत असतील तर रेक्झिन पुसायला सोपं.

तिसरा रस्ता अदलाबदलीचा. त्याच मॉडेलच्या, हव्या त्या रंगाच्या, भंगारात निघालेल्या गाडीतून सीट, दाराचे पॅड वगैरे काढून आपल्या गाडीत बसवायचे. दिल्लीचं मायापुरी आणि मुंबईतला कुर्ला हे अशा सुट्या भागांसाठी ओळखले जातात. अमेरिका-युरोपातही हौशी मंडळी हाच उद्योग करतात. ऐकायला हा रस्ता सर्वांत आकर्षक वाटतो, पण खरी मेहनत इथेच आहे.

कारण गाडीचा आतला रंग म्हणजे फक्त सीट नव्हे. दोन पुढच्या सीट, मागचा बाक, चार दारांचे पॅड, खांबांवरची झाकणं, छत, सनव्हायझर, गालिचा, सीटबेल्ट, मधला कन्सोल आणि डॅशबोर्ड, इतकं सगळं मिळून तो रंग बनतो. सीट काळ्या आणल्या आणि सीटबेल्ट बेज राहिले की ते डोळ्याला खुपतं. शिवाय 'सारखी गाडी' दरवेळी सारखी नसते. २०१७ ची डिझायर आणि २०१८ ची स्विफ्ट पुढून जुळ्या वाटतात, पण स्विफ्टच्या मागच्या दाराचं बाहेरचं हँडल वर खिडकीच्या कोपऱ्यात आहे आणि डिझायरचं नेहमीच्या जागी. मागची दारंच वेगळी. हॅचबॅकची मागची सीट डिकीत सामान मावावं म्हणून पुढे दुमडते, तशी सोय सेडानमध्ये असेलच असं नाही. म्हणून भाग विकत घेण्याआधी तो आपल्या गाडीला लावून बघा, किंवा भागाचा क्रमांक जुळवा. सुझुकीच्या आतल्या भागांच्या क्रमांकाच्या शेवटी रंगाचा कोड असतो, त्याचीही मदत होते. एवढं करूनही दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या दोन गाड्यांचा बेज एकसारखा निघेल याची खात्री नाही.

माल घेताना पावती घ्या आणि तो कुठल्या गाडीतून निघाला हे विचारा. वाहन भंगारात काढण्यासाठी २०२१ पासून नियम झाले आहेत आणि नोंदणीकृत केंद्रंही आहेत. बिनपावतीचा, फारच स्वस्त माल चोरीच्या गाडीचा असू शकतो, आणि जाणूनबुजून चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे.

चौथा रस्ता रंग मारण्याचा. प्लॅस्टिक आणि रेक्झिनसाठी खास लवचीक रंग मिळतो. फिकटावरून गडद करणं सोपं, गडदावरून फिकट करणं अवघड. वर्षानुवर्षं डॅशबोर्डला चोळलेलं पॉलिश पूर्ण निघालं नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. जिथे हात सतत लागतो, म्हणजे दाराचं हँडल, गिअरजवळचा भाग, तिथे तो सर्वांत आधी झिजतो. दारावरची एखादी पट्टी किंवा खांबाची झाकणं यांच्यापुरता हा उपाय ठीक आहे.

इथे हात लावू नका

आता महत्त्वाचा भाग. सीट साधारण चार बोल्टवर बसलेली असते, त्यामुळे घरच्या घरी काढता येईल असं वाटतं. पण सीटखाली तारा असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग आणि पुढच्या सीटबेल्टची आठवण करणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यातला एखादा कनेक्टर चुकीचा निघाला किंवा नीट बसला नाही की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे एअरबॅग यंत्रणेत बिघाड आहे आणि गरजेच्या वेळी ती चालेल याची खात्री नाही. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. ते सोडवण्याआधी बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबावं लागतं. हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.

डॅशबोर्ड काढणं म्हणजे एअरबॅग, एसीचे मार्ग, स्टिअरिंग आणि शेकडो तारा उघड्या पाडणं. ते झाल्यावर खडखड सुरू झाली तर ती शोधता शोधता माणूस थकतो. निव्वळ रंगासाठी हे करू नका. छताचंही तसंच. ज्या गाड्यांत बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, ती याच कडेला घडी करून ठेवलेली असते.

सीटबेल्ट आणि एअरबॅग भंगारातून कधीही आणू नका, रंग कितीही जुळत असला तरी. अपघातात एकदा ताण बसलेला बेल्ट दिसायला धड दिसतो, पण दुसऱ्यांदा तितका भरवशाचा राहत नाही. बेज बेल्ट खुपत असेल तर खुपू द्या.

आणि एक अगदी आपल्या घरातली गोष्ट. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं. त्यावर रेक्झिन चढवू नका, स्टिकर लावू नका आणि बाप्पाची मूर्तीही चिकटवू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते, आणि तिच्यावर ठेवलेली वस्तू समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते. बाप्पाला मधोमध, झाकणापासून दूर बसवा.

कागदपत्रांचं काय?

बाहेरचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. आतल्या रंगाची आरसीवर नोंद नसते, त्यामुळे सीटचं कापड बदलायला परवानगी लागत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. आरसीवर आसनसंख्या असते. त्यामुळे रंग बदलता बदलता मागचा बाक काढून टाकणं किंवा जास्तीची सीट बसवणं चालणार नाही.

महागडं काम केलं असेल तर विमा कंपनीला कळवा. नंतर बसवलेल्या वस्तूंची नोंद पॉलिसीत नसेल तर नुकसानभरपाईत त्यांची किंमत धरली जात नाही. जुनी गाडी विकणाऱ्या कंपनीकडून वॉरंटीसह गाडी घेतली असेल तर तारा कापण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि उतरवलेलं मूळ कापड, पॅड फेकू नका, एका पिशवीत माळ्यावर ठेवा. उद्या गाडी विकताना पुढच्या माणसाला कदाचित तेच हवं असेल.

घरात कसं ठरवायचं?

आमच्याकडे एक साधा प्रयोग केला. गाडी दुपारी अंगणात उभी केली आणि सगळे अर्धा तास तिच्यात बसलो. प्रत्येकाने सांगायचं, हात कुठे लागतो, काय टोचतं, काय खटकतं. आजी म्हणाली, "मला रंगाचं काही नाही बाई, चढताना घसरायला नको." बाबा म्हणाले, "डॅशबोर्डला हात लावायचा नाही." भावाला सगळं काळं हवं होतं. आईने बराच वेळ काहीच सांगितलं नाही. मग म्हणाली, "वर उजेड राहू दे, खाली मातीचा रंग घ्या. इथली धूळ तशीही बसणारच आहे, निदान ती दिसणार नाही."

सिपरी बाजारातल्या एका कुशनवाल्या चाचांनी तिच्यासमोर कापडाचे तुकडे अंथरले आणि तिने त्यातलं तपकिरी, थोडं खरखरीत कापड निवडलं. तीन सीटचं काम झालं, दाराच्या पॅडमधल्या कापडी पट्ट्या त्याच रंगाच्या केल्या, खाली गडद मॅट घातल्या. छत, खांब, डॅशबोर्ड आणि बेल्ट जसेच्या तसे. जिथे शरीर टेकतं तिथे रंग बदलला, जिथे तारा आणि एअरबॅग आहेत तिथे नाही. माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी हाच नियम पुरेसा आहे. बाबा आता कुणी पाहुणे आले की इंजिनाच्या आधी सीट दाखवतात, आणि रंग कुणी निवडला हेही सांगतात.

येत्या सुट्टीत जुनी गाडी बघायला जाणार असाल तर एवढं करा. बॉनेट उघडून बघणारे घरात पुष्कळ असतात. त्या वेळी दार उघडून आत बसायचं काम अशा माणसाला द्या, ज्याचं मत गाडीबाबत एरवी कुणी विचारत नाही. डाग, वास, फाटलेलं कापड, दबलेला फोम, सगळं त्याला नीट बघू द्या. त्या कामाला काय खर्च येईल हे जवळच्या कुशनवाल्याला आधीच विचारून ठेवा आणि भाव करताना तो आकडा विकणाऱ्यासमोर ठेवा. आपल्या आवडीच्या रंगाचे थोडे पैसे गाडीच्या किमतीतूनच सुटू शकतात.